दुर्ग आणि दुर्गम

मराठीत ‘दुर्ग’ म्हटलं की छाती फुगते. त्याच शब्दाला एक ‘म’ चिकटवून ‘दुर्गम’ म्हटलं की मान कलते आणि तोंडातून ‘अरेरे’ निघतं. दोन्ही शब्दांचं मूळ एकच: जिथे पोचायला यातायात पडते ते ठिकाण. पण दुर्गावर आपण सुट्टीच्या दिवशी हौसेने दमायला जातो, आणि दुर्गम भागात बदली झाली तर ती रद्द करून घेण्यासाठी त्याहून जास्त दमतो. वर्तमानपत्रांत दुर्गावर स्वारी होते. दुर्गम भागात मदत पोचते, तीही ‘अखेर’. एका ‘म’ने एवढी उलथापालथ करावी असं त्या अक्षरात काही नाही. गोम अशी की पोचायला अवघड म्हणजे कोणाला अवघड, हे शब्द सांगत नाही. जो बोलतो आहे त्याला, हे गृहीतच धरलेलं असतं, आणि बोलणारा नेहमी खाली उभा असतो, बहुधा एसटी स्टँडजवळ. वरच्या माणसाला आपलं घर दुर्गम वाटत नाही. तो रोज तिथे जेवायला जातो. म्हणून माझं म्हणणं असं, की दुर्गमता ही डोंगराच्या अंगची गोष्ट मानू नये. ती खालच्या माणसाची तक्रार आहे. आणि ही तक्रारही तो सोयीसोयीने करतो: वर काही पोचवायची वेळ आली की करतो, वरून काही आणायचं असलं की विसरतो.

हे म्हणणं सह्याद्रीत तपासता येत नाही. इथे खालचे फार आणि वरचे थोडे, त्यामुळे मतमोजणीआधीच निकाल लागतो. त्यासाठी असा देश हवा, जिथे बहुतेक लोक वरच राहतात. तसा एक आहे: इथिओपिया. तिथलं पठार आणि आपलं दख्खन हे पृथ्वीच्या एकाच खोडीचे दोन नमुने. जमिनीला भेगा पडायच्या, आतून लाव्हा ओसंडायचा, थरावर थर चढायचे आणि मागाहून लाखो पावसाळ्यांनी ते कोरून काढायचे. आपल्याकडे हा उद्योग साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झाला, त्यांच्याकडे साधारण ३ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे आपला डोंगर थोरला, त्यांचा धाकटा. थोरला झिजून पोक्त झाला आहे आणि धाकट्याची मान अजून ताठ आहे. सपाट माथ्याच्या, चारही बाजूंनी तुटलेल्या डोंगराला अम्हारिक भाषेत ‘अंबा’ म्हणतात. आमच्याकडे डोंगरावर अंबा बसते, त्यांच्याकडे डोंगरच अंबा. हा निव्वळ योगायोग आहे. त्यावर प्रबंध लिहायला घेऊ नये. उंचीचं म्हणाल, तर आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. त्याच्या डोक्यावर पायथ्यापासून मोजलेला आख्खा सिंहगड उचलून ठेवला, तर साधारण अदिस अबाबाचा रस्ता लागतो, आणि त्या रस्त्यावर लोक कपाळाला आठ्या घालून बसची वाट पाहत उभे असतात. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर तिथे नेऊन ठेवलं, तर त्याला थंड हवेचं ठिकाणसुद्धा कोणी म्हणणार नाही. खळगा म्हणतील आणि मलेरियाची चौकशी करतील.

हे विनोदासाठी म्हणत नाही. पठारावरच्या शेतकऱ्याने जगाची वाटणी उंचीप्रमाणेच केलेली आहे. सगळ्यात खाली ‘कोला’, म्हणजे उष्ण, ज्वारीचा, डासांचा प्रदेश. त्याच्यावर ‘वैना देगा’, म्हणजे द्राक्षाच्या हवेचा पट्टा, जिथे तेफ नावाचं खसखशीलाही लाजवणारं बारीक धान्य पिकतं. त्याच्यावर ‘देगा’, गव्हा-सातूचा, घोंगडीचा. आणि अगदी वर ‘वुर्च’, जिथे पहाटे गवतावर हिम पडतं आणि सातूसुद्धा विचार करून उगवते. या मांडणीत अवघड जागा कुठली, हे विचारायला नको. कोला! तिथे ऊन, तिथे ताप, तिथे गुरांना रोग, तिथे भलतेच लोक. राजे वर राहिले, राजधान्या वर झाल्या, चर्चं वर उभी राहिली, आणि खाली गेलेला माणूस सुखरूप परत आला तर देवाचे आभार मानले गेले. मानववंशशास्त्रज्ञाने वही उघडून ‘उंचावरील एकाकी जमात’ असं लिहायला घ्यावं, आणि त्या जमातीने त्याच्याकडे ‘बिचारा कुठल्या खड्ड्यातून आलाय’ अशा नजरेने पाहावं, असा तो मामला आहे. अर्थात वरून खाली पाहण्याची ही सवय काही निर्मळ नाही. कोलातल्या गुराख्यांना वरच्यांनी शतकानुशतकं कमी लेखलं, त्यांच्यावर कर बसवले, स्वाऱ्या केल्या. खालचा माणूस वरच्याला ‘दुर्गम’ म्हणतो आणि वरचा खालच्याला ‘रानटी’. दोघांचाही भूगोल सारखाच कच्चा. माझ्या मुद्द्याला एवढंच पुरे, की शब्द ज्याच्या तोंडी असतो, त्याला तो रुतत नाही.

वेळेचीही तीच गत. इथिओपियाचं पंचांग आपल्या कॅलेंडरच्या ७-८ वर्षं मागे आहे, असं सगळी प्रवासी पुस्तकं सांगतात. मागे कोणाच्या? तिथे वर्षाला १३ महिने. बारा प्रत्येकी ३० दिवसांचे आणि तेरावा ५ किंवा ६ दिवसांचा, म्हणजे पगारदाराला परवडणारा एकमेव महिना. नवं वर्ष सप्टेंबरात, पाऊस संपता संपता येतं, जेव्हा डोंगरउतार पिवळ्या फुलांनी भरतात, अगदी आपल्याकडे सोनकी फुलते तसे. ज्या हंगामात खरोखर काहीतरी नवं दिसतं, त्या हंगामात वर्ष नवं करावं, ही कल्पना ऐन थंडीत मध्यरात्री फटाके उडवण्यापेक्षा मागासलेली कशी, हे कोणी समजावून दिलेलं नाही. दोन हजार साल त्यांनी २००७ च्या सप्टेंबरात साजरं केलं. तोवर संगणक कोसळणार की नाही याची धास्ती बाकीच्या जगाने परस्पर खाऊन संपवली होती. घड्याळ तर त्याहून सरळ. दिवस सूर्याबरोबर सुरू होतो, मग आकडेही सूर्याबरोबरच सुरू व्हायला हवेत; उजाडल्यावर तासाभराने एक वाजतो. घटका-पळं सूर्योदयापासून मोजणाऱ्या पंचांगवाल्यांना हे पटकन पटेल. परदेशी पाहुण्याला मात्र ‘बस दोन वाजता’ असं सांगितलं की तो दुपारी दोनला हजर होतो, आणि बस सकाळी आठलाच गेलेली असते. सहा तास उशीर केलेला हा गृहस्थ मग डायरीत लिहितो, की इथल्या लोकांना वेळेचं महत्त्व नाही.

खालून वर पोचण्याचा सगळ्यात खर्चिक प्रयोग मुंबईहून झाला. सम्राट तेवोद्रोस दुसरा याने १८६२ साली व्हिक्टोरिया राणीला पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. सरकारी कार्यालयाला पत्र लिहून उत्तराची वाट पाहणाऱ्या कोणालाही पुढची मनःस्थिती समजेल. फरक इतकाच, की तेवोद्रोसच्या हाताशी ब्रिटिश वकील होता आणि तुरुंगही होता. त्याने वकिलाला आणि इतर काही युरोपियनांना बेड्या घातल्या. मग मुंबई फौजेचा सरसेनापती रॉबर्ट नेपियर १३,००० च्या आसपास सैनिक, त्यांच्या दुप्पट बिगारी-बाजारबुणगे, हजारो खेचरं-उंट आणि ४४ हत्ती घेऊन आगबोटींनी निघाला. किनाऱ्यावर धक्के बांधले, रेल्वेचे रूळ टाकले, आणि मग तो सगळा लवाजमा मग्दला नावाच्या अंबावरच्या तेवोद्रोसच्या किल्ल्यावर पोचण्यासाठी सहाशेच्या वर किलोमीटर चढत राहिला. वाटेतल्या शेतकऱ्यांना पौंड, रुपये असली नाणी मान्य नव्हती. त्यांना हवी होती ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसा राणीची चांदीची मुद्रा, तीही १७८० साल छापलेली. राणी त्याच साली वारली होती, पण तेच साल घालून नाणी पाडण्याचं काम सुरूच होतं. जगातल्या सर्वांत मोठ्या साम्राज्याला चारा-लाकडासाठी एका मेलेल्या परकीय राणीची नाणी व्हिएन्नाहून मुद्दाम पाडून आणावी लागली. आता या व्यवहारात जगापासून तुटलेलं कोण आणि कोणाची पत चालत नव्हती, हे ज्याचं त्याने ठरवावं. १३ एप्रिल १८६८ ला मग्दला पडला आणि तेवोद्रोसने स्वतःवर गोळी झाडून घेतली. नेपियरने किल्ला जाळला, लूट हत्तींवर लादली आणि तो आल्या वाटेने खाली उतरला. खर्च ९० लाख पौंडांच्या घरात गेला. इतकं करून वर राहायची त्याची तयारी नव्हती. जवळजवळ ७ टन वजनाची ‘सेबास्तोपोल’ नावाची उखळी तोफ तेवोद्रोसच्या माणसांनी त्याच डोंगरांतून रस्ता फोडत, दोरांनी ओढत मग्दलावर नेली होती. ऐन वेळी ती काही कामाला आली नाही, ही गोष्ट वेगळी. पण ती अजून तिथेच पडून आहे. खालून आलेले परत गेले, वर नेलेली तोफ वरच राहिली.

पुस्तकी लोकांनीही या पठारावर कमी अन्याय केलेला नाही. राजघराण्यातले नको असलेले राजपुत्र गेशेनच्या अंबावर कैदेत ठेवण्याची पद्धत होती. चढायला वाट एखाद-दुसरी, ती रोखली की बंड बंद. ही हकीकत फिरत फिरत लंडनला पोचली आणि सॅम्युअल जॉन्सनने १७५९ साली तिच्यावर ‘रासेलास’ ही कादंबरी लिहिली. त्यात त्याने राजपुत्रांना ठेवलं कुठे, तर डोंगरांनी वेढलेल्या दरीत! जॉन्सन इथिओपियाला कधी गेला नव्हता. सपाट मुलखात वाढलेल्या माणसाला कैद म्हणजे भोवती उंच भिंत असंच सुचणार. आपण ज्यावर उभे आहोत तीच भिंत आणि खाली सगळीकडे बाहेर, ही कल्पना त्याच्या डोक्यात मावली नसावी. इतिहासकार गिबनने तर या लोकांना एका फटक्यात हजारएक वर्षं झोपवून टाकलं. त्या कथित झोपेत त्यांनी लालिबेलाला अकरा चर्चं खोदली, तीही पायापासून वर न बांधता, ज्वालामुखीच्या खडकात वरून खाली. वेरूळचं कैलास ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हा प्रकार नवा नाही. आधी कळस, मग गाभारा, मग पायऱ्या. चूक झाली तर दगड पुन्हा चिकटवायची सोय नाही. दोन्हीकडे लाव्ह्याचाच खडक, दोन्हीकडे काम वरूनच सुरू. झोपेत चालणारी माणसं ऐकिवात आहेत. झोपेत अख्खं देऊळ अचूक मापाने खोदणारी अजून सापडलेली नाहीत.

देब्रे दामोचा मठ तर दुर्गमतेचा अर्कच. कडा साधारण १५ मीटर, पायऱ्या नाहीत, दोर लोंबतो, तो धरून चढायचं. सहाव्या शतकात जो पहिला साधू वर गेला त्याला म्हणे एका सापाने शेपटीने वर नेलं. आमच्याकडे हे काम घोरपडीवर सोपवलेलं होतं. कड्यांच्या मुलखात सरपटणाऱ्या प्राण्यांना सार्वजनिक बांधकाम खात्याचं काम लागतंच. पण याच मठात स्त्रियांना मज्जाव आहे, आणि मज्जाव इतका कडक, की शेळी-कोंबडीसुद्धा मादी चालत नाही. म्हणजे निम्म्या देशासाठी ते १५ मीटर हिमालयाहून उंच आहेत, आणि त्यात खडकाचा काही दोष नाही. उंची निसर्गाने दिली. ‘वर यायचं नाही’ हे माणसांनी ठरवलं. दुर्गमतेत निसर्गाचा वाटा किती आणि ठरावाचा किती, याचा हिशेब करायला देब्रे दामोइतकं स्वच्छ उदाहरण मिळणार नाही.

आता खेडं. पठारावरच्या खेड्याबद्दल पहिला आक्षेप असा येतो, की एवढ्या चढउतारात विखुरलेल्या वस्त्यांत समाज म्हणून काही राहतच नसेल, जो तो आपल्या टेकडीवर. प्रत्यक्षात एकेकट्याने तिथे एक हंगामही निभत नाही. नांगर दोन बैलांचा, आणि पुष्कळांकडे बैल एकच. मग दोघे आपापला बैल जोडून आळीपाळीने दोघांची शेतं नांगरतात. याला ते ‘मेकेनाजो’ म्हणतात, आपण सावड म्हणत होतो. कापणी-मळणीला सगळी वाडी गोळा करायची, आणि ज्याचं शेत त्याने खाऊ-पिऊ घालायचं, ते ‘देबो’, आपलं इर्जिक. दर आठवड्याला किंवा महिन्याला ठरावीक रक्कम जमवून पाळीपाळीने एकेकाला द्यायची, तो ‘इकुब’. ती तर चक्क भिशी. आणि ‘इदिर’ म्हणजे मर्तिकाची मंडळी: वर्गणी भरत राहायचं, आणि घरात कोणी गेलं की मंडप, बाकं, मोठाली भांडी आणि रडायला माणसं असं सगळं न मागता दारात येतं. वर्गणी थकवली तर काय, हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. आपल्या अंत्ययात्रेला कोणी आलं नाही तर, या भीतीपुढे जगातल्या सगळ्या वसुली अधिकाऱ्यांनी हात टेकावेत. शोधलंत तर आपल्याकडे इर्जिक आता पुस्तकात आणि सावड म्हाताऱ्यांच्या बोलण्यात सापडेल. भिशी तेवढी टिकली, कारण तिच्याबरोबर बटाटेवडे असतात. मेन्झ भागात गुआसा नावाच्या गवताळ पठाराची राखण गावकरी काही शतकं आपल्याच नियमांनी करत आले. छपरांसाठी लागणारं गवत ठरल्या मुदतीपर्यंत तोडायचं नाही, आणि मुदत कधी उठवायची ते गावाने ठरवायचं. त्या गवतामुळे तिथला दुर्मीळ लांडगाही वाचला. ताना सरोवराच्या भोवताली उघड्या शेतांत मधूनच हिरव्या टोपीसारखी झाडी दिसते. प्रत्येक टोपीखाली एक चर्च असतं. आपण याला देवराई म्हणतो. झाड तोडलं तर देव कोपतो, हा जंगल खात्याचा सगळ्यात स्वस्त पहारेकरी दोन्हीकडे एकाच पगारावर आहे.

‘जगापासून तुटलेले’ हेही नीट पाहू. त्या खेड्यातल्या चुलीवर रटरटणाऱ्या कालवणात बेर्बेरे मसाला असतो, त्यातली मिरची अमेरिकेतली. आपल्या ठेच्यातलीही तिथलीच. चुलीत जळतं ते निलगिरीचं लाकूड. ते झाड १८९० च्या दशकात मेनेलिक सम्राटाच्या काळी ऑस्ट्रेलियाहून आलं. राजधानीभोवतीचं सरपण संपत आल्यामुळे राजधानीच हलवायची वेळ आली होती, ती या झाडाने टाळली. नावच ‘बाहर झाफ’, म्हणजे समुद्राचं झाड. त्या सरपणावर मोठ्या खापरीत आंबवलेल्या तेफाच्या पिठाची इंजेरा होते, परातीएवढी जाळीदार आंबोळी, आणि उपासाच्या दिवशी तिच्यावर ‘शिरो’. शिरो म्हणजे डाळीच्या पिठाचं झणझणीत पिठलं. आपल्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही, कांदा कुठे आहे एवढंच विचारावं लागतं. उपासाचे दिवस वर्षात दोनशेच्या आसपास किंवा जास्तच, आणि त्यांत मांस-दूध-तूप वर्ज्य. साबुदाण्याची पळवाट त्यांना सापडलेली नाही. तेवढ्यापुरतं ते मागास आहेत हे कबूल करायला हवं. मुद्दा असा, की तीन खंडांतला माल ज्याच्या ताटात आणि चुलीत आहे त्याला तुटलेला म्हणायचं, तर जोडलेला कोणाला म्हणायचं? माल वर चढला कसा, तर गाढवाच्या पाठीवरून. जगात सर्वांत जास्त गाढवं इथिओपियात आहेत. चढ कुठे नागमोडी घ्यायचा याचं ज्ञान त्यांना उपजत असतं आणि त्यासाठी निविदा काढाव्या लागत नाहीत.

आता सोयीस्कर विसरण्याकडे येतो. निळ्या नाईलचा उगम या पठारावर. इजिप्तला पोचणाऱ्या नाईलच्या पाण्यातले पाचातले चार भाग किंवा त्याहूनही जास्त पाणी इथल्या पावसाचं, आणि त्याबरोबर इथल्या शेतांची काळी मातीही गेली. तिच्यावर हजारो वर्षं खाली पिकं डोलली आणि पिरॅमिडं उभी राहिली. हे पाणी दरवर्षी, सुट्टी न घेता, विनातक्रार खाली पोचलं. १९५९ साली इजिप्त आणि सुदान यांनी बसून त्याची वाटणी केली: इजिप्तला साडेपंचावन्न अब्ज घनमीटर, सुदानला साडेअठरा. जिथे पाऊस पडतो त्या देशाला शून्य, आणि बैठकीचं बोलावणंही नाही. पाणी आणायला सुगम, बोलावणं धाडायला दुर्गम! २०११ साली इथिओपियाने याच नदीवर सुदानच्या सीमेजवळ प्रचंड धरण बांधायला घेतलं, स्वतःच्या लोकांना रोखे विकून. २०२५ च्या सप्टेंबरात त्याचं उद्घाटन झालं. मधल्या काळात वाटाघाटींच्या इतक्या फेऱ्या झाल्या, की अदिस अबाबाचा पत्ता आता सगळ्यांना पाठ आहे. कॉफीचंही तेच. झुडूप मूळचं याच डोंगराळ मुलखातल्या जंगलांतलं. ती खाली उतरली, समुद्र ओलांडून गेली आणि सगळ्या जगाला जागं ठेवू लागली. माणसंही उतरवली गेली, बाजारात विकायला. त्यांतलाच एक, हरारच्या बाजूचा मानला जाणारा पोरगा, बगदादमार्गे दख्खनला आला आणि निजामशाहीचा वजीर झाला: मलिक अंबर. त्याने मोगलांना आपल्या डोंगराळ मुलखात दमवलं, जमिनीच्या मोजणीची आणि धाऱ्याची पद्धत घातली, आणि खडकी वसवून तिथे ‘नहर-ए-अंबरी’ने पाणी आणलं, पंप-बिंप न लावता, नुसत्या उताराच्या जोरावर. उतारावर काय काय आपसूक चालत येतं हे त्याला कळत होतं. त्याला स्वतःलाही कोणी तसंच खाली ढकललं होतं.

यावर एक आक्षेप खरोखर जड आहे, आणि तो थट्टेने उडवण्यासारखा नाही. हे सगळं ठीक, पण दुष्काळाचं काय? १९७३ चा वोलो प्रांतातला दुष्काळ, १९८४-८५ चा त्याहून भयंकर. माणसं मेली ती पोचणं अवघड होतं म्हणूनच ना? वोलोपुरतं उत्तर अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या दुष्काळावरच्या पुस्तकात दिलेलं आहे. देशातलं एकूण धान्य फारसं घटलेलं नव्हतं. वोलोच्या शेतकऱ्यांचं पीक गेलं, त्याबरोबर विकत घेण्याची ताकद गेली, आणि त्यामुळे देस्येच्या बाजारात भावही म्हणावे तसे चढले नाहीत. उलट काही धान्य त्या दुष्काळी मुलखातून बाहेर गेलं. त्या भागातून चांगला हमरस्ता जात होता. धान्य खाली न्यायला तो पुरला, आणि भुकेला माणूस त्याच रस्त्याच्या कडेला बसून राहिला. ज्या रस्त्याने धान्य जातं, त्याच रस्त्याने ते येऊही शकतं; तो रस्ता दुर्गम कोणासाठी होता, हे यानंतर विचारावंसं वाटत नाही. १९८४ चं गणित निराळं होतं. तिथे युद्ध होतं, आणि रस्ते बंद झाले ते बंदुकांनी, डोंगरांनी नाही. २०२० नंतर तिग्रेत पुन्हा तेच घडलं.

दुसरा आक्षेप बायांच्या डोक्यावरून आणि पाठीवरून येतो. एंटोटोच्या डोंगरावरून निलगिरीच्या फांद्यांचे, स्वतःच्या वजनाशी स्पर्धा करणारे भारे पाठीवर घेऊन अदिसमध्ये उतरणाऱ्या स्त्रिया. ओढ्यावरून पाण्याचा डबा पाठीशी बांधून चढणाऱ्या मुली. त्यांना जाऊन सांगा, दुर्गमता ही नुसती तक्रार आहे म्हणून! सांगणार नाही. चढ खरा आहे आणि गुडघेही खरे आहेत. पण त्या एंटोटोवरून भारा घेऊन उतरतात तो खालच्या शहराच्या चुलींसाठी, आणि नळ मात्र त्या चुलींपाशी येऊन थांबतो. सरपण खाली येण्याइतका जो डोंगर जवळ आहे, तो पाईप वर चढवताना लांब कसा होतो? शाळेचंही तसंच. धावपटू हाइले गेब्रसेलासी लहानपणी शाळेला रोज १० किलोमीटर पळत जायचा आणि तितकंच परत. डाव्या काखेत वह्या-पुस्तकं, त्यामुळे पुढे जगज्जेता झाल्यावरही त्याचा डावा हात किंचित दुमडलेला दिसे. बेकोजी या साधारण २,८०० मीटरवरच्या एका गावाने देरार्तू तुलू, केनेनिसा बेकेले, तिरुनेश दिबाबा अशी ऑलिंपिक विजेत्यांची रांग दिली. अबेबे बिकिला १९६० मध्ये रोमला अनवाणी मॅरेथॉन जिंकला, तोही याच पठाराचा. विरळ हवेवर शास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहिलं आहे. पण शाळा १० किलोमीटरवर ठेवणं ही काही सरकारची क्रीडायोजना नव्हती. पदकं खाली आली तेव्हा सगळ्यांना अभिमान वाटला. शाळा वर नेताना मात्र चढ आडवा येत होता.

मग कोणी चतुर विचारेल, की वर राहणं एवढं झकास होतं तर मेनेलिक आणि त्याची राणी तायतू १८८६ च्या सुमारास एंटोटोवरून खाली का उतरले? उतरले, खरंच उतरले. वर थंडी आणि वारा फार, खाली गरम पाण्याचे झरे. राणीला ती जागा आवडली आणि तिने तिचं नाव ठेवलं ‘नवं फूल’, म्हणजेच अदिस अबाबा. पण हे ‘खाली’ म्हणजे काय, तर कळसूबाईच्या डोक्यावर सिंहगड. हाडं शेकायला एवढं उतरणं पुरलं. त्याहून खाली जाणं कोणाच्या स्वप्नातही आलं नाही. आता रस्ते झाले आहेत, त्यांतले बरेच चिनी कंपन्यांनी बांधलेले, आणि तरुण मुलं त्या रस्त्यांनी शहराकडे जातात. म्हणजे पुन्हा उतारानेच. येताना रस्ता मोबाइलचा मनोरा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि निवडणुकीची आश्वासनं वर आणतो; डॉक्टरला अजून चढ लागतो.

सिमियेनच्या कड्यांवर मात्र अशी एक जमात आहे, जिने हा वादच निकालात काढला आहे. गेलाडा माकडं दिवसभर पठारावर शेकड्यांनी बसलेली असतात. बसल्या बसल्या दोन्ही हातांनी गवत उपटून खातात, थोडं पुढे सरकतात, पुन्हा उपटतात. पंगतीतली वृद्ध मंडळी जशी मन लावून जेवतात तशी. कॅमेरे घेऊन कोणी आलं, तरी त्यांच्या जेवणात खंड पडत नाही. संध्याकाळ झाली की ती उठतात, कड्याच्या धारेपाशी जातात आणि पोरं पाठीवर घेऊन सरळ खाली उतरतात, बिबट्या पोचत नाही आणि तरसही पोचत नाही अशा फूटभर कपारींत. तिथे, खाली शेकडो मीटर पोकळी सोडून, एकमेकांना चिकटून झोपतात. सकाळी ऊन आलं की पुन्हा वर येऊन चरायला बसतात.